दोन पियानो आणि ऐकणाऱ्या आपण

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली, की पुढच्या रविवारी दुपारी आमच्याकडे सात-आठ जणी जमतात. दहा दिवस उपवास, एकाशनं, पूजा, स्वाध्याय यांत गेलेले असतात. मग जरा सैल बसायचं, गप्पा मारायच्या आणि कुणीतरी काहीतरी ऐकवायचं, असा गेल्या काही वर्षांचा रिवाज पडला आहे. यंदा माझ्या भाच्याने त्याचा मोबाईल आमच्या टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "मामी, आज भजन नाही, गझल नाही. आज पियानो."

आदिलाबादेत पियानो! आमच्यापैकी एकीनेही तो कधी हात लावून पाहिलेला नाही. हिंदी सिनेमात नायक पियानोपुढे बसून दर्दभरं गाणं म्हणतो आणि नायिका जिन्यावर उभी राहून डोळे टिपते, एवढीच आमची त्याची ओळख. पेटी मात्र पाहिलेली. मंदिरात पेटी, हरिपाठात पेटी, शाळेच्या प्रार्थनेत पेटी. तेव्हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळखीच्या, बाकी सगळं परकं, अशा अवस्थेत आम्ही चहाचे कप घेऊन बसलो.

भाच्याने लावलेली मैफल बर्लिनच्या फिलहार्मनी सभागृहातली, एप्रिल २०१४ मधली. वाजवणारी दोघं, मार्था आर्गेरिच आणि डॅनिएल बारेनबोईम. दोघांचाही जन्म दक्षिण अमेरिकेतल्या ब्युनॉस आयर्सचा. बाई १९४१च्या, बुवा १९४२चे, आणि ओळख लहानपणापासूनची. म्हणजे मैफलीच्या वेळी दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. आपापल्या जागी दोघंही जगातल्या पहिल्या रांगेतली. मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा, मग शूबर्टचं एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायचं एक काम, आणि शेवटी स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग', असा बेत होता. आम्ही मोझार्टचा सोनाटा पूर्ण ऐकला आणि स्ट्राविन्स्कीचा थोडा भाग. पण मला लिहायचं आहे ते आम्ही कसं ऐकलं त्याबद्दल. म्हणजे ऐकताना आम्ही काय काय बोललो त्याबद्दल.

पहिल्याच मिनिटाला एक वहिनी म्हणाल्या, "या बाईंनी केस रंगवले नाहीत बघा. आणि मोकळे सोडलेत." दुसरीने विचारलं, "नवरा-बायको आहेत का गं?" नाहीत म्हटल्यावर तिचा थोडा विरस झाला. तिसरी म्हणाली, "बोटं पहा, नुसती शिलाई मशीन!" शेजारच्या काकूंची सून सातव्या महिन्यात आहे, त्यांनी विचारलं, "हेच का ते पोटातल्या बाळाला ऐकवतात ते मोझार्टचं?" आणि मग सगळ्यांच्या मनातला प्रश्न एकीच्या तोंडून आला, "दोघांत भारी कोण?" त्यावर पाच मिनिटं खल झाला. तीन मतं बाईंना, दोन बुवांना. मी तर निकालपत्र घेऊनच बसले होते, कारण मला पेटी येते, म्हणून मला कळतं, असा आमच्यात समज आहे. माझी धाकटी जाऊ तेवढी काही बोलली नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की पंचवीसेक मिनिटांच्या वाजवण्यात आम्ही केस, लग्न, बोटं, बाळ आणि निकाल एवढं सगळं पाहिलं. ऐकलं काय? आम्हाला हसू नका. मी पुढे जे सांगणार आहे त्यावरून तुमच्या लक्षात येईल की व्हिएन्ना, लंडन आणि न्यूयॉर्कचे रसिकही आमच्याच बाकावर बसलेले होते.

आधी निकालाचंच घेऊ. दोघं मोठे कलावंत एकत्र आले की आपल्याला कुस्ती दिसायला लागते. आपल्या जुगलबंदीत सवाल-जवाब असतो. सतारीने एक तुकडा टाकला, सरोदने तोच परत केला, की लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. त्याच्या आधी अर्धा तास दोघांनी मिळून राग कसा उभा केला, तिथे तेवढी दाद नसते. ज्या हिवाळ्यात मोझार्टने हा सोनाटा लिहिला, त्याच हिवाळ्यात हीच गोष्ट त्याच्याही वाट्याला आली. २३ नोव्हेंबर १७८१ रोजी व्हिएन्नात एका घरगुती मैफलीत तो आपल्या शिष्येबरोबर हा सोनाटा वाजवतो. सुमारे एक महिन्याने, २४ डिसेंबरला, बादशहा दुसरा जोसेफ त्याला आणि क्लेमेंटी नावाच्या इटालियन वादकाला दरबारी पाहुण्यांसमोर एकमेकांपुढे बसवतो. भारी कोण ठरवायला. पैजही लागली होती म्हणतात. दोघांनी आळीपाळीने वाजवलं, एकाच धूनेवर दोन पियानोंवर मिळूनही वाजवलं. मोझार्टच्या वाट्याला आलेल्या एका पियानोचे सूर उतरलेले आणि तीन पट्ट्या अडकलेल्या होत्या, असं त्याने वडिलांना कळवलं आहे. त्याच पत्रात त्याने क्लेमेंटीला नुसता यंत्रासारखा वाजवणारा ठरवून टाकलं. क्लेमेंटी मात्र पुढे मोझार्टबद्दल आदरानेच बोलत राहिला.

पहा, महिन्याभराच्या अंतरातली दोन वाजवणी. घरातल्या बैठकीसाठी जे लिहिलं गेलं ते अडीचशे वर्षं होत आली तरी वाजतंय. दरबारात जे वाजलं त्याची फक्त पैज लोकांच्या लक्षात राहिली. ऐकणाऱ्याने प्रश्न कोणता विचारला, त्यावर वाजवणाऱ्याचं मनही कसं बदलतं, हे मला त्यात दिसतं. निकाल मागितला की माणूस शेजारच्याला यंत्र म्हणायला लागतो.

आता केसांचं. ज्या शिष्येबरोबर मोझार्टने हा सोनाटा पहिल्यांदा वाजवला, तिचं नाव योझेफा आउएर्नहामर. दोन्ही पियानोंचं काम सारख्याच अवघडपणाचं आहे. गुरूला ताट आणि शिष्येला वाटी असं त्यात नाही. म्हणजे तिची बोटं काय तयारीची असतील ते समजा. मोझार्टही कबूल करतो की मुलगी सुरेख वाजवते. पण त्याच उन्हाळ्यातल्या पत्रांत त्याने तिच्या जाडेपणाची, घामाची, चेहऱ्याची अशी काही टिंगल केली आहे की वाचताना आपला हात आपोआप पदराकडे जातो. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींच्या तोंडी जे ऐकून आपण वाढलो, तेच ते. एवढा मोठा माणूस. पण वाजवणारीकडे पाहताना त्याचेही कान बंद आणि डोळे उघडे राहिले. योझेफाने मात्र पुढेही व्हिएन्नात वाजवणं सोडलं नाही, स्वतःच्या रचना छापल्या. तिच्या नावावर आज हा सोनाटा ओळखला जात नाही, पण तिच्याशिवाय तो झाला नसता.

त्याच्याही आधी एक बहीण होती. मोझार्टची थोरली बहीण मारिया आना, घरात नानेर्ल म्हणत. १७५१चा जन्म. दोघा भावंडांना घेऊन वडील युरोपभर फिरले. १७६५ मध्ये लंडनला त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली की ही दोन मुलं एकाच वाद्यावर चार हातांनी वाजवतील, आणि तेही पट्ट्यांवर रुमाल टाकून, पट्ट्या न पाहता! मला त्या रुमालाचं फार आश्चर्य वाटतं आणि वाईटही वाटतं. मुलं काय वाजवणार होती यापेक्षा रुमालाखालून वाजवणार होती याचंच लोकांना कौतुक, म्हणून बापाने रुमाल टाकला. डोंबाऱ्याच्या पोरीला दोरीवर चढवून डोक्यावर लोटा ठेवतात तसं. नानेर्ल अठरा वर्षांची झाली, लग्नाच्या वयाची झाली, आणि तिचे दौरे थांबले. भाऊ पुढे गेला. त्या सगळ्या टाळ्या रुमालासाठी होत्या, म्हणून रुमाल काढल्यावर ती मुलगी कुणाला आठवली नाही, असं मला वाटतं. "बोटं पहा, नुसती शिलाई मशीन" असं आमच्यातली बाई म्हणाली, तेव्हा तीही कौतुकच करत होती बिचारी. पण शिलाई मशीनकडे कुणी कपडा कसा शिवला गेला ते पाहायला बसत नाही, ती किती जोरात चालते तेच पाहतो.

बाळाचा प्रश्न सगळ्यात आजचा. गर्भसंस्काराच्या नावाखाली मोझार्ट विकला जातो, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याचं मूळ याच सोनाट्यात आहे, हे मला भाच्याकडून कळलं. १९९३ मध्ये अमेरिकेत ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं हा सोनाटा ऐकवून बुद्धीची एक विशिष्ट प्रकारची चाचणी घेतली. आकृत्या, घड्या, कागद कापला तर कसा दिसेल, अशा प्रश्नांची. त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांच्या वर टिकला नाही, असं त्या लेखातच लिहिलं होतं. विद्यार्थी कॉलेजातले, त्यात पोटातलं बाळ नाही, पाळण्यातलंही नाही. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची ध्वनिफीत किंवा सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. आणि ती लाट फिरत फिरत आमच्या काकूंच्या सुनेपर्यंत आली.

आपल्याकडे तपाचं फळ मागण्याला निदान म्हणतात. माया आणि मिथ्यात्व यांच्या जोडीला ते तिसरं शल्य, आत रुतलेला काटा. उपवास केला आणि मनात म्हटलं की याबदली मला अमुक मिळो, तर उपवास पोटाचा झाला, बाकी काही झालं नाही. ऐकण्याचंही तसंच असावं. "याने काय होतं?" असं विचारत ऐकायला बसलो की कान फळाच्या टोपलीसारखे उघडे राहतात, सूर वरून निघून जातो. काकूंना मी एवढंच म्हटलं की सुनेला आवडलं तर जरूर ऐकवा, नाही आवडलं तर तिला दुपारची झोप घेऊ द्या. बाळाला तिचा फायदा जास्त.

आता कुणी म्हणेल, मग काय तोंडाला कुलूप लावून बसायचं? तसं मी म्हणत नाही. पाश्चात्त्य मैफलीत मधल्या थांब्यावर टाळी वाजवायची नाही असा आज दंडक आहे, आणि चुकून वाजवली की शेजारचे वळून पाहतात. पण मोझार्टच्या काळी हा दंडक नव्हता. १७७८ मध्ये पॅरिसला त्याची सिंफनी चालू असताना एका आवडत्या जागी लोकांनी मध्येच टाळ्या दिल्या. ती जागा लोकांना आवडेल हे ओळखून त्याने ती मुद्दाम पुन्हा आणली होती. तो इतका खूष झाला की कार्यक्रम संपल्यावर आईस्क्रीम खायला गेला आणि बोललेला नवस फेडायला जपमाळ ओढली. तेव्हा टाळीचं वाकडं नाही. ती टाळी त्या जागेला होती. सुराच्या एका वळणाला. आपली "वा!" देखील तशीच असते, समेवर आपोआप उमटलेली. ती कुणाला जिंकवत नाही.

आणि कधीकधी न दिलेली दादही खरी असते. बर्लिनच्या मैफलीत शेवटी जे वाजलं, त्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ची गोष्ट अशी. १९१२ मध्ये, ते अजून रंगमंचावर आलं नव्हतं तेव्हा, पॅरिसजवळ लालुआ नावाच्या समीक्षकाच्या घरी स्ट्राविन्स्की स्वतः आणि देब्यूसी, दोघं मोठे संगीतकार, एका पियानोवर शेजारी शेजारी बसले आणि त्याचा काही भाग चार हातांनी वाजवला. लालुआने लिहून ठेवलं आहे की वाजवणं थांबल्यावर कुणी स्तुतीचा शब्द काढला नाही. वादळात सापडल्यासारखे सगळे गप्प बसून राहिले. पुढच्या वर्षी, २९ मे १९१३ रोजी, पॅरिसच्या थिएटरात तेच संगीत नाचासह वाजलं तेव्हा लोकांनी हसून, ओरडून, भांडून इतका गोंधळ केला की नाचणाऱ्यांना संगीत ऐकू येईना. आणि बर्लिनला २०१४ मध्ये त्याच संगीताला टाळ्यांवर टाळ्या. सूर तेच. ऐकणारे तीन तऱ्हेचे. त्यातले पहिले, घरातले, मला जवळचे वाटतात. त्यांनी मत द्यायची घाई केली नाही.

दाद चुकीच्या जागी पडली की काय होतं, त्याचा एक गमतीचा प्रसंगही आहे. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम. सुरुवातीला सतारीवर पंडित रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ. त्यांनी वाद्यं जुळवायला सुरुवात केली, थोडा वेळ तारा पिळल्या, आणि हजारो लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला! रविशंकर हसून म्हणाले, जुळवणं एवढं आवडलं, तर वाजवणं याहून आवडेल अशी आशा आहे. ही गोष्ट सगळे हसत सांगतात. मलाही हसू येतं. पण ते लोक निदान कुणाला हरवत तरी नव्हते.

त्याच रविशंकरांच्या घरातली दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. अन्नपूर्णादेवी म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची लेक, अली अकबरांची बहीण. मैहरला वडिलांकडे शिकलेल्या, सुरबहार वाजवणाऱ्या. १९४१ मध्ये रविशंकरांशी लग्न झालं. १९५०च्या दशकात या दोघांनी काही जुगलबंद्या केल्या. लोकांची वाहवा बाईंकडे जास्त झुकायची आणि तेच घरात खुपायला लागलं, असं बाईंच्या बाजूने सांगितलं गेलं आहे. रविशंकरांच्या बाजूची हकीकत वेगळी आहे. दोघांच्या घरात आपण कशाला शिरा? पण एवढं सगळ्यांना मान्य आहे की त्यांनी जाहीर वाजवणं सोडलं. मग मुंबईत घराचं दार लावून घेतलं आणि शिकवत राहिल्या. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर अशी माणसं त्या दारातून शिकून बाहेर पडली. १९७७ मध्ये पद्मभूषण मिळालं, तरी त्या लोकांपुढे आल्या नाहीत. २०१८च्या ऑक्टोबरात गेल्या.

मला त्या जुगलबंदीला बसलेले लोक डोळ्यांपुढे येतात. ते काही वाईट नव्हते. घरी जाता जाता एकमेकांना म्हणाले असतील, "आज बाईंनी बाजी मारली हो." एवढंच. पानाचा विडा तोंडात घालता घालता म्हणाले असतील. बोलून ते विसरले.

आपल्या घरांत असं किती वेळा बोललं जातं ते आठवून पहा. दोन मुलींत कुणाच्या पोळ्या मऊ, दोन सुनांत कुणाचा हात उजवा, दोन नातवंडांत कुणाचं डोकं तल्लख. दोघी मिळून सगळ्या घराचा स्वयंपाक करतात, आणि आपण आमटीचा वाटा कुणाचा आणि भाताचा कुणाचा ते विचारतो. आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंडांच्या गावांत दिवाळीला दंडारी निघते. मोरपिसांचे भले मोठे मुकुट घालून गुसाडी नाचतात. मार्लवाईच्या कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती या नाचासाठीच. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते, ते गाव त्यांचं स्वागत करतं, जेवू घालतं. आम्ही शहरातले लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून फोटो काढतो आणि विचारतो, कुठल्या गावची चांगली? ज्यांच्या अंगणात ती नाचते ते लोक आधी पाहुण्यांना पाणी देतात.

आणि आपण तर नावानेच ऐकणाऱ्या. श्रावक, श्राविका. ऐकतो तो श्रावक, इतका सरळ अर्थ. आपल्या दिगंबर परंपरेत सांगतात की महावीरांना केवलज्ञान झाल्यावरही ६६ दिवस दिव्यध्वनी खिरला नाही. समवसरण तयार, देव हजर, सगळे बसलेले. पण झेलणारा नव्हता. इंद्रभूती गौतम आले, वाद घालायला म्हणून आले, मानस्तंभ पाहून त्यांचा अभिमान गळाला, आणि मग ध्वनी सुरू झाला. लहानपणापासून ही कथा ऐकली, पण मी ती नेहमी भगवंतांची कथा म्हणून ऐकली. ती ऐकणाऱ्याची कथा आहे, हे मला त्या रविवारनंतर सुचलं. जिंकायला आलेला माणूस जिंकणं विसरला, तेव्हा त्याला ऐकू आलं.

आता माझं सांगते. माझी धाकटी जाऊ माझ्यानंतर दोन वर्षांनी या घरात आली. आवाज गोड, जरा खालचा. संध्याकाळच्या आरतीला आणि पर्वात पूजेला आम्ही दोघी मंदिरात मिळून गात असू, पेटी माझ्याकडे. बाहेर पडताना चपला घालता घालता बायका म्हणायच्या, "थोरलीचा आवाज कसा खुला, घुमतो. धाकटीचा थोडा दबकाच, नाही?" मी "काहीतरीच" म्हणायची. पण मला ते आवडायचं. घरी येऊन भाकरी थापतानाही ते वाक्य माझ्या कानात घोळायचं. हळूहळू ती मागच्या ओळीत बसायला लागली. मग नुसती झांज वाजवायला लागली. मग झांजही दुसऱ्या कुणाच्या हातात गेली. तिला गाऊ नको असं कुणीच म्हटलं नाही. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. दरवर्षी क्षमावाणीला मी तिच्यापुढे हात जोडते, मन-वचन-कायेने काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणते, ती तेच मला म्हणते, आणि आम्ही पुढच्या दारी जातो. 'काही' या शब्दात फार मोठी जागा असते. त्यात सगळं लपतं.

बुधवारी दुपारी आम्ही दोघीच घरी होतो. भाच्याने लावायचं कसं ते शिकवून ठेवलं होतं. मी तोच सोनाटा पुन्हा लावला, आणि या वेळी आम्ही टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसलो. सुरुवातीला दोन्ही पियानो एकदम, एकच स्वर घेऊन उठतात, दार दोन्ही फळ्यांनी उघडावं तसे. मग एक जण वाक्य सुरू करतो, दुसरा ते पुरं करतो, मग दुसरा सुरू करतो. हे सवाल-जवाब नव्हेत. दोन बहिणी माहेरची एखादी गोष्ट सांगत असल्या की एकीच्या तोंडचा शब्द दुसरी घेते ना, तसं. दुसरा भाग संथ आहे. त्यात एक पियानो गातो तेव्हा दुसरा अगदी खाली राहून त्याला हात देतो, आणि थोड्या वेळाने गाणारा खाली येतो, खालचा वर जातो, आणि हे कधी झालं ते लक्षातच येत नाही. पाठ करून बसल्यामुळे तर मुळीच नाही. खाली राहणाऱ्याचं काम मला या वेळी पहिल्यांदा ऐकू आलं. ते काढून घेतलं असतं तर वरचं गाणं उघडं पडलं असतं. पेटीवर बसणारीला हे आधीच कळायला हवं होतं.

माझी सवय काही गेली नव्हती. मी विचारलं, "हे आता बाईंचं की बुवांचं गं?"

जाऊ तांदळातला खडा बाजूला ठेवत म्हणाली, "कळत नाही ताई. कळायलाच पाहिजे का?"

या सोनाट्यावर इतक्या जाणकारांनी लिहिलं असेल, पण दोघांच्या वाजवण्याची याहून चांगली समीक्षा मला ठाऊक नाही. तीन मतं बाईंना आणि दोन बुवांना देणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा तिने जास्त ऐकलं होतं, आणि त्या रविवारी ती गप्प का होती तेही मला कळलं.

तिसरा भाग धावत संपला. लोकांच्या टाळ्या सुरू झाल्या तशी मी आवाज बंद केला. आणि तिला म्हटलं की बायका चपला घालताना जे बोलायच्या ते मला आवडायचं, आणि तू मागे सरकत गेलीस तेही मला दिसत होतं. या वेळी 'काही' हा शब्द वापरला नाही. ती थोडा वेळ ताटात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुमच्या लक्षातसुद्धा नसेल."

लक्षात होतं. म्हणून तर अवघड होतं.

त्या संध्याकाळी आरतीला मी माझी नेहमीची काळी चार सोडली आणि पेटीवर काळी दोन धरली. तिचा आवाज त्या पट्टीत बसतो, हे मला बावीस वर्षांपूर्वीही माहीत होतं.